बटण हाताला सापडलं पाहिजे: गाड्यांचे डॅशबोर्ड आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
भारतात गाड्यांचे डॅशबोर्ड आखणारे अभियंते आणि डिझायनर, तसेच गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या ‘भारत एनकॅप’ योजनेचे निकष ठरवणारी मंडळी,

स. न. वि. वि.

मी गेली २१ वर्षं पुण्यात एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते. माझ्याकडे येणाऱ्यांत बायका जास्त, आणि त्यातही चाळिशी-पन्नाशीतल्या पुष्कळ. मुलं मोठी झालेली असतात, गाडी दारात नुसती उभी असते, आणि दर वेळी कुणाला तरी ‘जरा सोडतोस का’ म्हणायचा कंटाळा आलेला असतो. पहिल्या दिवशी त्या स्टेअरिंग इतकं घट्ट धरतात की बोटांची पेरं पांढरी पडतात. महिन्याभरात तेच हात सैल पडतात, आणि ते बघताना मला आजही तितकाच आनंद होतो. त्या हातांसाठी हे पत्र लिहिते आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. माझ्याकडे शिकून लायसन्स मिळवलेल्या एका बाईंनी नवी गाडी घेतली. बँकेत नोकरी, वय बावन्न. वर्षभर शहरात जुनी गाडी नीट चालवली होती. नव्या गाडीवर पहिल्यांदा घाट उतरायचा म्हणून त्यांनी मला सोबत बोलावलं. “मॅडम, तुम्ही नुसत्या शेजारी बसा, मला धीर येईल,” म्हणाल्या. मुलीला आणायला पनवेलला जायचं होतं. मागे त्यांचे यजमान आणि सासूबाई.

गाडी सुंदर होती, यात वाद नाही. डॅशबोर्डच्या मधोमध मोठा थोरला स्क्रीन, आणि त्याच्या खाली एकही बटण नाही. नुसती गुळगुळीत काळी पट्टी.

लोणावळ्यापर्यंत रिमझिम होती. खंडाळ्याचा बोगदा ओलांडून उताराला लागलो आणि पावसाने जोर धरला, बाहेरची हवा एकदम गार झाली. आत चार माणसांचा श्वास आणि सासूबाईंची ओली छत्री. पुण्यातून निघताना डंपरचा धूर नको म्हणून बाईंनी आतलीच हवा फिरवण्याचा मोड लावला होता, तो तसाच राहिला होता. सासूबाईंना थंडी वाजते म्हणून एसी बंद. बघता बघता समोरची काच धुरकटली. खालच्या कडेने सुरुवात झाली आणि दोन वळणांत पांढरं धुकं पार डोळ्यांसमोर आलं.

यात नवीन काही नाही. घाटात काच बाष्प धरतेच आणि मी प्रत्येकीला शिकवते: आधी काचेवर आतून बोट फिरवा. रेघ उमटली तर बाष्प आतलं आहे. मग एसी चालू, हवा काचेवर आणि आतली हवा फिरवणं बंद. रेघ उमटली नाही तर बाष्प बाहेरचं आहे, वायपर मारा आणि काचेवरची गार हवा कमी करा. बाईंना हे पाठ होतं. त्यांनी बोट फिरवलं, रेघ उमटली, आणि त्यांचा डावा हात डॅशबोर्डकडे गेला. जुन्या गाडीत तिथे तीन गोल नॉब होते. हवेच्या दिशेचा नॉब उजवीकडे शेवटपर्यंत फिरवला की हवा काचेवर येते, एवढं त्यांच्या हाताला माहीत होतं.

इथे हाताला काहीच लागलं नाही. स्क्रीनवर नकाशा होता. त्यांनी मान खाली घातली, नकाशा बाजूला करायला बोट लावलं तर नकाशाच सरकला. दुसऱ्यांदा लावलं तर गाण्यांची यादी उघडली. तिसऱ्यांदा पंख्याचं चिन्ह सापडलं, त्याच्या आत आणखी एक पान. बोट ओलं होतं, त्यामुळे एक स्पर्श लागलाच नाही. मी बाजूच्या काचेतून बाहेर बघत होते, मला पुढचा ट्रेलर आधी दिसला. डाव्या लेनने पहिल्या गिअरमध्ये उतरत होता आणि मागचे दिवे चिखलाने बुजले होते.

“ब्रेक!” मी ओरडले, आणि माझा उजवा हात सवयीने दोन सीटच्या मध्ये गेला. शिकणाऱ्याची गाडी असली आणि माझ्या पायाखाली ब्रेक नसला, तर एवढा एकच आधार माझ्याकडे असतो, हँडब्रेक ओढणं. तिथे दांडी नव्हती, कप ठेवायची जागा होती. हँडब्रेकचं छोटं इलेक्ट्रॉनिक बटण स्टेअरिंगच्या पलीकडे, बाईंच्या उजव्या गुडघ्यापाशी होतं.

बाईंनी ब्रेक वेळेवर दाबला. ट्रेलरपासून दोन हातांवर आम्ही थांबलो आणि मागच्या गाडीवाल्यानेही सांभाळलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्यांचे हात पहिल्या दिवशीसारखे पांढरे पडले होते. खोपोलीला चहाला थांबलो तेव्हा त्या मला म्हणाल्या, “मॅडम, चुकलं माझं. मला अजून गाडी जमत नाही.”

त्या वाक्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. बोट फिरवून बघण्यापासून ब्रेकपर्यंत त्यांनी सगळं बरोबर केलं. मध्ये जी चार-पाच सेकंद गेली, ती गाडीने घेतली. ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. पाच सेकंद म्हणजे ५५ मीटर, तेही धुरकट काचेमागून आणि मान खाली घालून.

गाडी शिकणं म्हणजे काय होतं ते तुम्हाला माझ्या बाजूच्या सीटवरून सांगते. सुरुवातीला सगळं डोळ्यांनी चालतं. गिअर टाकायचा तर बघायचं, इंडिकेटर द्यायचा तर बघायचं. मग हळूहळू एकेक काम डोळ्यांकडून हाताकडे जातं. आठव्या-नवव्या दिवशी मी गाडी मैदानात उभी करते, इंजिन बंद करते आणि सांगते, “डोळे मिटा.” मग एकेक नाव घेते: वायपर, डिपर, हॅझर्ड, काचेवर हवा, हॉर्न. पहिल्यांदा हसू येतं, हात भलतीकडे जातो. चार दिवसांत हात नेमका जातो. तो नेमका गेला की मी शिकणारीला मोठ्या रस्त्यावर काढते, त्याआधी नाही. कारण तेव्हाच तिचे डोळे खऱ्या अर्थाने रस्त्यावर राहायला मोकळे झालेले असतात.

स्क्रीनवर हे होऊच शकत नाही, कितीही वर्षं गाडी चालवली तरी. काचेला ना कड असते ना खाच, दाबल्यावर ‘टक’ असं बोटाला काही कळत नाही. हाताला जागा सापडलीच तरी त्या जागी या क्षणी कुठलं पान उघडं आहे हे बघावंच लागतं. त्यात अपडेट येतो. आमच्याच एका विद्यार्थिनीच्या गाडीत अपडेटनंतर एसीचं चिन्ह डावीकडून उजवीकडे गेलं. हाताने महिनाभरात शिकलेलं एका रात्रीत पुसलं गेलं.

याचा विचार आधी कुणी केला नाही असंही नाही. विमानवाल्यांनी तो ऐंशी वर्षांपूर्वी केला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बर विमानांचे वैमानिक धावपट्टीवर सुखरूप उतरल्यावर फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, मिटायच्या ऐवजी चुकून चाकंच वर घेत, आणि विमान पोटावर आपटे. दोष वैमानिकांच्या माथी मारला जात होता. अल्फॉन्स चॅपॅनिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये बघितलं तर दोन्ही कळा शेजारी-शेजारी आणि दिसायला सारख्याच. त्यांनी चाकांच्या कळीवर रबराचं छोटं चाक बसवलं आणि फ्लॅपच्या कळीवर पाचरीसारखा तुकडा. हाताला फरक कळू लागला आणि ती चूक थांबली. आज कुठल्याही मोठ्या प्रवासी विमानात चाकांच्या दांड्याचं टोक चाकासारखं गोल असतं आणि फ्लॅपच्या दांड्याचं पंखासारखं चपटं. अमेरिकेच्या विमान नियमांत हे आकार लिहूनच ठेवले आहेत. नव्या विमानांत टच स्क्रीन आले, तरी तो गोल दांडा कुणी काढलेला नाही. खोपोलीला बाई ‘माझं चुकलं’ म्हणाल्या तेव्हा मला ते वैमानिक आठवले.

समुद्रावर याची किंमत फार मोठी पडली. २१ ऑगस्ट २०१७ च्या पहाटे सिंगापूरजवळ ‘जॉन एस. मॅककेन’ ही अमेरिकी युद्धनौका एका तेलवाहू जहाजाला धडकली आणि १० नौसैनिक गेले. थकवा होता, प्रशिक्षण अपुरं होतं, हे चौकशीत आलं. त्याबरोबर हेही आलं की इंजिनांचा वेग टच स्क्रीनवर चालत होता, आणि कुठल्या इंजिनाचा ताबा कुणाकडे आहे याचा जहाजावरच्या लोकांचा गोंधळ झाला. २०१९ मध्ये अमेरिकी नौदलाने त्या प्रकारच्या जहाजांवर वेगासाठी पुन्हा हाताने ढकलायचे दांडे बसवायचं ठरवलं. नौदलाच्या खलाशांना जे अवघड जातं, ते माझ्या बावन्न वर्षांच्या विद्यार्थिनीला घाटात जमावं अशी अपेक्षा आपण ठेवतो आहोत.

आता काच आणि स्क्रीन यांच्याविषयी. एकाच स्क्रीनवर सगळं सोपवलं की तो बंद पडल्यावर काय होतं, हे २०२१ मध्ये टेस्लाच्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्यांत दिसलं. जुन्या गाड्यांतली मेमरी चिप वापरून वापरून झिजली की मधला स्क्रीन काळा पडायचा आणि त्याबरोबर मागचा कॅमेरा आणि काचेवरचं बाष्प घालवायची सोयही जायची. अमेरिकेत सुमारे १,३५,००० गाड्या त्यासाठी परत बोलावाव्या लागल्या. आपल्याकडे गाडी बारा-पंधरा वर्षं वापरली जाते, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जाते. नॉब तुटला तर कुठल्याही गॅरेजमध्ये दुसरा बसतो. तिसऱ्या मालकाच्या गाडीचा स्क्रीन जुलैत आंबोलीच्या घाटात काळा पडला तर त्याने काच कशी साफ करायची?

आमच्या वर्गात मी कायदाही शिकवते. गाडी चालवताना फोन हातात घेणं २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. ते योग्यच आहे आणि मी त्याबाबत फार कडक आहे. पण एका मुलीने मला विचारलं, “मॅडम, सहा इंचांच्या फोनला बघितलं तर दंड, मग बारा इंचांच्या स्क्रीनला बघून एसी लावला तर?” मला उत्तर देता आलं नाही. जर्मनीत ते न्यायालयाने दिलं आहे. एका टेस्ला चालकाने भर पावसात वायपरचा वेग बदलायला स्क्रीनकडे बघितलं आणि गाडी रस्त्याबाहेर जाऊन झाडांवर आदळली. कार्ल्सरूहच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की गाडीतला हा स्क्रीनही इलेक्ट्रॉनिक उपकरणच आहे. चालकाला २०० युरो दंड आणि एक महिना गाडी चालवायला बंदी. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. मला मात्र त्या माणसाचं वाईट वाटतं, कारण पाऊस वाढल्यावर त्याला ते करावंच लागणार होतं.

किती वेळ नजर हटली तर चालेल याचाही हिशोब झालेला आहे. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याने २०१३ मध्ये कंपन्यांना मार्गदर्शन केलं: एका वेळी नजर २ सेकंदांहून जास्त हटू नये आणि पूर्ण काम मिळून १२ सेकंदांत व्हावं. २०२२ मध्ये ‘वी बिलेगरे’ या स्वीडिश मासिकाने विमानतळाच्या धावपट्टीवर ताशी ११० किलोमीटरने गाड्या चालवून पाहिलं. तापमान वाढवणं, काचेवरचं बाष्प घालवणं, रेडिओ लावणं अशी साधी कामं. चालकांना आधी गाडीची सवय करून घ्यायला वेळ दिला होता. २००५ सालच्या बटणांच्या व्होल्वोत सगळं १० सेकंदांत झालं, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सर्वांत मागे पडलेल्या नव्या स्क्रीनवाल्या गाडीला सुमारे ४५ सेकंद लागली आणि ती १,३७२ मीटर गेली. सव्वा किलोमीटरहून जास्त.

मला स्क्रीनचा राग नाही. मागचा कॅमेरा आल्यापासून माझ्या बायका पार्किंगला घाबरेनाशा झाल्या, ते श्रेय तुमचंच आहे. मोठा नकाशाही हवा, वळण लांबून कळतं. तुमची अडचणही कळते: प्रत्येक बटणाला साचा लागतो, वायर लागते, आणि एक स्क्रीन त्या सगळ्यांपेक्षा स्वस्त पडतो. शोरूममध्ये गिऱ्हाइकाची नजरही आधी स्क्रीनवरच जाते, मी विद्यार्थिनींबरोबर गाड्या बघायला जाते तेव्हा दर वेळी बघते. ‘बोलून सांगा, गाडी ऐकेल’ असंही सेल्समन सांगतो. टपावर पाऊस बडवतोय, मागे पोर रडतंय, ट्रक हॉर्न देतोय, अशा वेळी गाडीने ऐकेपर्यंत थांबायला वेळ नसतो. आणि घाबरलेल्या माणसाला नेमकं वाक्य आठवत नाही, हात मात्र आठवतो.

म्हणून मागणी साधी आहे. गाडी चालू असताना जे लागतं, ते रस्त्यावरची नजर न काढता हाताला सापडलं पाहिजे. युरोपात गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून इंडिकेटर, हॅझर्ड, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन मदतीचा कॉल या पाच गोष्टींना स्वतंत्र बटण किंवा दांडी नसेल तर गुण कापायचं ठरवलं आहे. आपल्याकडच्या गाड्यांत इंडिकेटर, हॉर्न आणि वायपर अजून बहुतेक हातापाशीच आहेत, ते तिथेच राहू द्या. त्यात आपल्या हवामानासाठी पुढच्या आणि मागच्या काचेवरचं बाष्प घालवायची बटणं, पंख्याचा वेग, तापमान आणि आवाज कमी-जास्त करायचा नॉब एवढ्यांची भर घाला. गुळगुळीत पट्टीवरचं चमकणारं चिन्ह मी बटण धरत नाही. बोटाला उंचवटा लागला पाहिजे आणि दाबल्याचं कळलं पाहिजे. कुठल्याही अपडेटने त्यांची जागा बदलता कामा नये. हँडब्रेकचं बटण दोन सीटच्या मध्ये ठेवा, म्हणजे शेजारी बसलेल्या माणसाचाही हात पोचेल. फोक्सवागनने २०२५ मध्ये जाहीर केलं की आवाज, दोन्ही बाजूंचं तापमान, पंखा आणि हॅझर्ड यांची बटणं ते आपल्या नव्या गाड्यांत परत आणणार आहेत. म्हणजे परत फिरता येतं.

भारत एनकॅपच्या मंडळींना स्वतंत्रपणे सांगायचं आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून तुम्ही गाड्यांना तारे देता, मोठ्यांचं संरक्षण आणि मुलांचं संरक्षण तपासता, आणि माझ्या विद्यार्थिनी आता गाडी घेताना आधी तारे विचारतात. हे फार मोठं काम झालं. आता धडक होण्याआधीच्या त्या पाच सेकंदांनाही गुण द्या. नियम केला की गाड्या बदलतात हे आपण पाहिलं आहे. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या गाडीत ८० च्या वर गेलं की इशारा वाजतो आणि १२० च्या वर तो थांबतच नाही. सुरुवातीला लोक कुरकुरले. आज माझ्या विद्यार्थिनी तो आवाज आला की आपोआप पाय हलका करतात.

त्या बँकेतल्या बाई गाडी चालवतात, हेही तुम्हाला सांगायला हवं. पनवेलहून परत येताना घाट त्यांनीच चढवला. आता मात्र घाट लागण्याआधी गाडी सुरक्षित जागी बाजूला घेतात, स्क्रीनवर काचेची हवा लावून ठेवतात आणि मगच पुढे जातात. थंडीने कुडकुडत सासूबाई शाल गुंडाळून बसतात.

चाकणहून आमचं स्कूल तासाभरावर आहे. तुमच्यापैकी जे नव्या डॅशबोर्डवर काम करत असतील त्यांनी आपली गाडी घेऊन एका सकाळी यावं, शक्यतो पावसाळ्यात. सकाळी सात ते आठ आमचं मैदान मोकळं असतं. गाडी उभी करू, इंजिन बंद करू, मी शेजारी बसेन आणि तुम्हाला डोळे मिटायला सांगेन. मग एकेक नाव घेईन.

आपली,
एक मोटार ड्रायव्हिंग प्रशिक्षक,
पुणे